रोजच्या धावपळीत जीव थंडावायला तुम्ही काय करता? नागपूरकरांनो, साधं काही सांगा

संत्र्याची_फोड | ३ मे, रात्री ११:१२

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. मी मानेवाड्याला राहते, नोकरी सदरला. घरी सासरे आहेत. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं नीट उमटत नाही. मुलीचा बारावीचा निकाल यायचा आहे. नवरा चंद्रपूरला, शनिवारी येतो. सकाळी साडेपाचला नळ येतो तेव्हापासून जी सुरुवात होते ती आत्ता कुठे थांबली.

मागच्या आठवड्यात मुलीच्या हातून स्टीलचा गिलास पडला. नुसता गिलास. मी तिच्यावर अशी ओरडले की ती पांढरी पडली, आणि आतल्या खोलीत बाबा कण्हायचेसुद्धा थांबले. त्या शांततेची मला अजून लाज वाटते.

थायरॉइड, बीपी, शुगर, सगळं तपासून झालं. रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कमी करा." कमी करा म्हणजे नेमकं काय करू, हे विचारायचं राहून गेलं. ते तुम्हाला विचारते.

जिम, सहल, शिबिर यातलं काही जमणार नाही. ऑफिसचा वेळ सोडला तर बाबांना सोडून तासभरही बाहेर राहता येत नाही. दहा मिनिटांत, पैसे न लागता, ४४ डिग्रीत करता येईल असं काही असेल तर सांगा. आणि तुम्ही स्वतः केलेलंच सांगा.

वऱ्हाडी_गडी | ३ मे, रात्री ११:३१

ताई, फुटाळा तलावावर जाऊन बसा संध्याकाळी. पाण्याकडे पाहत अर्धा घंटा बसलं की डोकं रिकामं होते. मी तर दर रविवारी जातो.

संत्र्याची_फोड | ३ मे, रात्री ११:३८

भाऊ, मानेवाड्याहून फुटाळा म्हणजे शहराचं दुसरं टोक. जाऊन येऊन तासाच्या वर जातो. पण मनापासून सांगितलंत, धन्यवाद.

मेडिकलची_सिस्टर | ४ मे, सकाळी ६:०५

बाळा, मी वॉर्डात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वयाने मोठी असेन म्हणून बाळा म्हणते. तुझ्यासाठी जरा लांबट लिहिते.

आधी एक गोष्ट स्वतःवर करून बघ. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोध. मग सावकाश श्वास घे आणि त्याहून सावकाश सोड. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. प्रत्येकाला बोटाला कळेलच असं नाही, पण बऱ्याच जणांना कळतं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस आहे, हृदयाला लगाम घालायचं काम तिचं. श्वास सोडताना तो लगाम ओढला जातो. म्हणून सोडणारा श्वास घेणाऱ्यापेक्षा लांब हवा. सगळी युक्ती तेवढ्यात आहे.

आपण घाबरलो किंवा चिडलो की शरीर अॅड्रिनॅलिन सोडतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल. पळायची नाहीतर लढायची तयारी. ठोके वाढतात, खांदे वर चढतात, जबडा आवळतो, पोटाचं काम मंदावतं. वाघ दिसला तर हे ठीक आहे. पण तुझ्याकडे रोज नळ आहे, सिग्नल आहे, ऑफिस आहे, बाबांची औषधं आहेत. तयारी होते आणि उतरायला वेळच मिळत नाही. गिलास पडला तेव्हा तू गिलासावर ओरडली नाहीस. सकाळपासून चढत आलेलं होतं, ते निघालं.

आता कृती. मनात चार मोजत नाकाने श्वास घे, पोट फुगू दे. सहा मोजत सोड. मध्ये रोखून धरू नको. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर थांब आणि नेहमीसारखा श्वास घे, जोर लावून करायचं हे काम नाही.

आणि हे महत्त्वाचं: पहिल्यांदा रागात असताना करून बघू नको, तेव्हा जमणार नाही आणि तुला वाटेल की उपाय खोटा आहे. सवय शांत वेळी लावायची. तू कुकर लावतेसच. गॅस पेटवल्यापासून पहिली शिट्टी होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहा आणि एवढंच कर. तो वेळ तुझा. वेगळा काढावा लागत नाही.

संत्र्याची_फोड | ४ मे, सकाळी ६:२०

सिस्टर, कुकर आत्ताच लावला आहे. करते.

पहाट_प्रेमी | ४ मे, सकाळी ७:१०

माझा अनुभव वेगळा आहे. मी साडेचारला उठतो, अंबाझरीला पाच किलोमीटर चालतो, मग तास-दीड तास प्राणायाम. गेल्या आठ वर्षांत एक गोळी घेतली नाही. लोक म्हणतात वेळ नाही, पण मोबाईलला वेळ असतो. लवकर उठा, सगळं आपोआप सुटतं.

माहेर_महाल | ४ मे, सकाळी ९:४५

दादा, तुमचं चालणं चांगलंच आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण "वेळ असतो, तुम्ही काढत नाही" हे वाक्य आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला सांगू नका. माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या. रात्री दोनदा उठून कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्या माणसाला साडेचारला उठायला सांगणं म्हणजे त्याची उरलेली झोप काढून घेणं. मला तेव्हा असे सल्ले ऐकून आणखी अपराधी वाटायचं. ताण होताच, वर आपण ताणही नीट घालवत नाही हा नवा ताण.

पहाट_प्रेमी | ४ मे, सकाळी १०:२०

बरोबर आहे तुमचं. मी एकटा राहणारा निवृत्त माणूस, माझ्या मोजपट्टीने बोललो. ताई, वाईट वाटलं असेल तर माफ करा. चालण्याबद्दल इतकंच सांगतो, दहा मिनिटांचं चालणंही कामाला येतं. ते पाच किलोमीटरच असलं पाहिजे असं नाही.

अभ्यासिका_४१ | ५ मे, रात्री १२:५०

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, चौथं वर्ष. मित्र नोकरीला लागले, मी अजून अभ्यासिकेत. रात्री आडवा झालो की डोक्यात तेच: वय, घरून येणारे पैसे, बाबांचं न बोलणं.

मी वही ठेवली आहे. झोपायच्या आधी पानाच्या मध्ये रेघ मारतो. डावीकडे उद्या ज्याचं काही करता येईल ते, उजवीकडे जे हातात नाही ते. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहितो, उदाहरणार्थ "फी भरणे, ११ वाजता". उजवीकडचं फक्त लिहायचं, उत्तर शोधायचं नाही. मग वही बंद. डोकं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणतं ते विसरू नये म्हणून, असं मला वाटतं. कागदावर आली की सोडतं.

अभ्यासातच एकदा वाचलं होतं, जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं सगळ्यांत जड ते लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या मुलांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी उदास वाटायचं, हेही त्यात होतं. मलाही पहिले तीन-चार दिवस रडू यायचं. हे आधी माहीत असेल तर माणूस मध्येच सोडत नाही, म्हणून सांगितलं.

रातपाळी_बुटीबोरी | ५ मे, दुपारी ४:३०

मी बुटीबोरीले कंपनीत आहो, आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. माझं एकच म्हणणं आहे ताई, झोपेचं पाहा आधी. झोप झाली नाही की लहान गोष्ट मोठी दिसते. मी अनुभवलं आहे, दिवसा झोप झाली नाही तर फाटकावरच्या माणसाशीही भांडण होते.

चहा मी बंद नाही केला, वेळ बदलली. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा घंट्यांनंतरही अंगात असते. रात्री अकराले झोपायचं तर संध्याकाळी पाचच्या नंतरचा चहा नडते. मी पाळी सुटायच्या सहा घंटे आधी शेवटचा कप घेतो.

दुसरं, कुलर. मे महिन्यात नागपुरात चिडचिड अर्धी उकाड्याचीच असते, माणसं उगाच स्वतःले दोष देते. ताट्या बदला, जुन्या ताट्यांवर क्षार बसला की हवा थंड होत नाही. कुलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडते आणि जीव घाबरते. गच्ची वरच असेल तर संध्याकाळी एक-दोन बादल्या पाणी मारा. झोपायच्या आधी साध्या पाण्याने आंघोळ. एवढ्याने मले घंटाभर जास्त झोप मिळून राहिली आहे.

मेडिकलची_सिस्टर | ५ मे, संध्याकाळी ७:१५

हे भाऊंनी फार बरोबर सांगितलं. पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, चिडचिड होते. पन्हं करून ठेव, अंबाडीचं सरबतही चांगलं. बाबांना गिळायला त्रास असेल तर मात्र पातळ पदार्थ डॉक्टरांना विचारूनच.

झोप न लागण्यावर आणखी एक. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत आहे. पडल्या पडल्या मुठी पाच सेकंद आवळायच्या आणि एकदम सोडायच्या. पंधरा सेकंद तो सैलपणा नुसता जाणवू द्यायचा. मग दंड, खांदे कानांकडे उचलून, चेहरा, पोट, मांड्या, पोटऱ्या. आवळलेलं कसं लागतं आणि सैल कसं लागतं हे अंगाला वेगवेगळं कळलं की दिवसा गाडी चालवताना खांदे चढले तरी लक्षात येतं. ज्यांना मानेचा, मणक्याचा त्रास आहे त्यांनी तो भाग सोडून द्या. माझ्याकडचे रुग्ण बहुतेक मांड्यांपर्यंत पोचायच्या आतच झोपायचे.

स्तूपाच्या_पायरीवर | ७ मे, रात्री ९:००

इथे कोणी विपश्यनेचं विचारलं नाही, तरी सांगतो. माहुरझरीला धम्म नाग केंद्र आहे. मी तिथे दहा दिवसांचं शिबिर केलं. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. शुल्क नसतं, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं. तिसऱ्या दिवशी मला पळून यावंसं वाटलं, सातव्या दिवशी वाटलं की आपण आजवर श्वास कधी पाहिलाच नव्हता. पण ताई, तुमच्या घरची आजची परिस्थिती पाहता हे तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

मी रोज करतो ते इतकंच. कामावरून येताना दीक्षाभूमीला थांबतो. स्तूपाच्या आत घुमटाखाली बसलो की बाहेरचा रहदारीचा आवाज गळून पडतो. दहा मिनिटं. डोळे मिटतोच असं नाही. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला याच मैदानात उभे होते, पायी आले होते गावाहून. त्यांच्यापुढे काय काय होतं आणि ते कसे ताठ उभे राहिले असतील, हा विचार आला की माझं आजचं ओझं उचलता येईल इतकं होतं. प्रत्येकाची अशी एक जागा असते. ती घरापासून लांब असायची गरज नाही.

अंबाझरीकर | ९ मे, रात्री २:१५

मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे. बरेच दिवस नुसती वाचत होते.

२२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकरांना आठवत असेल. चार तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरात आली. आम्ही तळमजल्यावर होतो. पलंगावर चढलो, मग टेबलावर. आई गुडघ्यांची पेशंट, तिला दोघांनी धरून वर नेलं. फ्रिज तरंगताना मी पाहिला आहे.

तेव्हापासून रात्री पाऊस आला की माझे हात गार पडतात. मोठा पाऊस लागत नाही, पत्र्यावर टपटप पुरते. मी उठून दारात जमिनीला हात लावून बघते, ओलं आहे का. रात्रीतून चार-पाच वेळा. घरचे म्हणतात, आता काय होतंय, झालं ते झालं. मृग जवळ आलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमचे श्वासाचे उपाय मला पुरतील का?

मेडिकलची_सिस्टर | ९ मे, सकाळी ५:५०

पोरी, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तुझं हे रोजच्या ताणातलं नाही. जीवावर बेतलेल्या प्रसंगानंतर शरीर तो प्रसंग संपला असं मानायलाच तयार होत नाही. महिन्याच्या वर असं चाललं आणि झोप, काम बिघडलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं, जसं हाड मोडल्यावर हाडाच्या डॉक्टरांना दाखवतो. मेडिकल आणि मेयो, नागपूरच्या या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. घराबाहेर पडायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ वर फोन कर. टेलीमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतं, मराठीत बोलता येतं.

त्या क्षणापुरतं: हात गार पडले की दिवा लाव. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. चार गोष्टींना हात लाव. तीन आवाज ऐक. दोन वास घे. एक घोट पाणी, चव घेत. मन त्या रात्रीत गेलेलं असतं, त्याला डोळे, कान, हात धरून आजच्या खोलीत आणायचं.

वऱ्हाडी_गडी | ९ मे, सकाळी ८:००

आमच्या काकाचं घर त्याच पट्ट्यात आहे. त्यांनी काय केलं, आधार, सातबारा, मुलांच्या मार्कशीटा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलं. टॉर्च आणि आठ दिवसांच्या गोळ्या त्याच पिशवीत. वरच्या मजल्यावाल्यांशी बोलून ठेवलं की रात्री दार वाजवलं तर उघडजो. काकू म्हणे, पिशवी पाहिली की झोप लागते. तुम्ही पण करून पाहा ताई.

अंबाझरीकर | ९ मे, सकाळी ११:३०

दोघांचं लिहिणं पुन्हा पुन्हा वाचलं. पिशवी आजच करते. फोनही करते.

माहेर_महाल | १२ मे, दुपारी ३:१०

मी महालातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मीही ओरडायची, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" घसा बसेपर्यंत. वर्षभराचं जे काही साचलेलं असेल ते सगळं शहर मिळून रस्त्यावर ओरडतं आणि शेवटी जाळून येतं. आजी त्या दिवशी हलकी दिसायची. ती घरात कधी आवाज चढवून बोलली नाही, पण मारबतीला ओरडायची.

सासूबाईंच्या आजारपणात मला ते फार आठवायचं. कारण घरी ओरडायला जागा नव्हती. शेवटी समोरच्या वहिनींशी ठरवलं, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं ओट्यावर बसायचं. सल्ला कोणी द्यायचा नाही. एकीने बोलायचं, दुसरीने भाजी निवडत ऐकायचं. या पंधरा मिनिटांनी मला तगवलं, दुसऱ्या कशाने नाही.

आणि मदत मागताना "जरा लक्ष ठेवा हो" असं मोघम मागू नकोस. "मंगळवारी पाच ते सहा बाबांजवळ बसाल का?" असं विचार. लोकांना करायचं असतं, काय करायचं ते कळत नाही.

संत्र्याची_फोड | २१ मे, रात्री १०:४०

सतरा दिवस झाले, सांगायला आले.

वही जमली नाही. लिहायला बसले की डोळे मिटतात. कुकरचं मात्र एक दिवस चुकवलं नाही. पहिले चार-पाच दिवस काहीच वाटलं नाही, शिट्टी कधी होते याचीच वाट बघत होते. मग एका सकाळी लक्षात आलं की जबडा आवळलेला नाही. किती वर्षांनी कोण जाणे.

दुसरं, ऑफिसातून आले की लगेच जिना चढत नाही. खाली कडुनिंबाच्या सावलीत गाडीवरच तीन मिनिटं बसते. हेल्मेट काढून, फोन पर्समध्ये ठेवून. आधी मी ऑफिस डोक्यावर घेऊनच घरात शिरत होते.

शेजारच्या काकूंना मंगळवारचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी कधीची विचारीन म्हणत होते." मागच्या मंगळवारी मी तो तास नुसती झोपले.

आणि एक सांगायचं आहे. परवा बाबांना भरवत होते, त्यांनी ताट सरकवलं, खिचडी चादरीवर. माझा हात थरथरायला लागला. तिथेच पलंगाच्या कडेला बसून श्वास सोडायला लागले, सहा मोजत. त्यांना कसं कळलं माहीत नाही. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याबरोबर श्वास सोडायला लागले. तोंडाने, आवाज करत. किती वेळ गेला कळलं नाही. दारात मुलगी उभी होती. रात्री ती माझ्याजवळ येऊन झोपली, गिलासाच्या दिवसापासून झोपली नव्हती.

आता ते रोज संध्याकाळी हात पुढे करतात.

मेडिकलची_सिस्टर | २२ मे, सकाळी ६:००

वाचून डोळे भरले बाळा. बाबांना सांग, सिस्टरने नमस्कार सांगितला आहे.

रातपाळी_बुटीबोरी | २७ मे, सकाळी ८:२०

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आहे. सगळ्यांनी दुपारी बाहेर निघताना कान-डोकं बांधा, पाणी जवळ ठेवा.

अंबाझरीकर | १६ जून, दुपारी १:००

काल रात्री पहिला पाऊस झाला. मी दोनला जागी झाले. हात गार पडलेच. दिवा लावला, घड्याळ, खुर्ची, आईची काठी, कॅलेंडर, पिशवी असं म्हटलं. दाराशी एकदाच गेले. परत येऊन पडले. झोप लागायला वेळ लागला, पण लागली.

डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले आहे, तिसरी भेट पुढच्या आठवड्यात. बरं वाटायला वेळ लागेल असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याने उलट धीर आला.

आज रात्री पुन्हा जोराचा सांगितला आहे.

रातपाळी_बुटीबोरी | १६ जून, दुपारी १:४५

ताई, माझी आज रातपाळीच आहे. तीनला जेवणाची सुट्टी असते. जाग आली तर इथे लिहा, मी पाहीन.

संत्र्याची_फोड | १६ जून, दुपारी २:१०

बाबांची कूस बदलायला मी दोनला उठतेच. मीही बघेन.